आपोआप लागणारं घड्याळ : एक परखड समीक्षा

पुस्तकांची समीक्षा होते, नाटकांची होते, हल्ली मिसळीचीसुद्धा होते. घड्याळाची समीक्षा मात्र कुणी केलेली माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक पुस्तक आपण वर्षातून एखादं उघडतो आणि घड्याळाकडे दिवसातून पन्नास वेळा बघतो. ही उणीव भरून काढावी अशी तळमळ मला लागली होती, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण खरं कारण एवढंच, की गेल्या दोन वर्षांत मरोळच्या आमच्या जागेत चार घड्याळं आली आणि त्यातली तीन खोक्यात परत गेली. इतका अभ्यास झाल्यावर माणूस एक तर दुकान काढतो, नाहीतर समीक्षक होतो. दुकानाला भांडवल लागतं.

मूळ मागणी आईची. वय शहाऐंशी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पण रात्रीचं धड दिसत नाही. झोप म्हणजे दोन-दोन तासांचे हप्ते. प्रत्येक हप्ता संपला की अंधारातून आवाज यायचा, "अरे, किती वाजले?" मी म्हणायचो, "तीन." मग सौ. विचारायची, "कोण आलंय?" मग मुलगा विचारायचा, "काय झालं?" म्हणजे आईला वेळ कळेपर्यंत सगळं घर जागं. आईचं म्हणणं साधं होतं : अंधारात दिसेल असं, मोठ्या आकड्यांचं एक घड्याळ उशाशी आणून द्या. त्यात 'आपोआप लागणारं' हा शब्द तिचा नव्हता. तो आम्ही घातला.

का घातला, त्यालाही इतिहास आहे. आमच्या पुढच्या खोलीत वडिलांचं किल्लीचं घड्याळ आहे. दर रविवारी सकाळी अंघोळ झाल्यावर वडील स्टुलावर चढून किल्ली द्यायचे. हे घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे. वडिलांची नोकरी फोर्टात. मरोळ नाक्यावरून बस, मग अंधेरी, मग आठ-तेराची. बाकीच्या गावांत माणूस 'आठच्या सुमारास' निघतो. मुंबईत आठ-तेरा म्हणजे आठ-तेरा, आणि आठ-चौदा म्हणजे रजेचा अर्ज. म्हणून दहा मिनिटं पुढे. आता घरात सगळ्यांनाच ते ठाऊक असल्यामुळे प्रत्येक जण मनातल्या मनात दहा वजा करायचा. मग उपयोग काय, असं मी एकदा वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "ती वजाबाकी करेपर्यंत माणूस जागा होतो. तेवढाच उपयोग."

हे घड्याळ बंद पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. २६ जुलै २००५ च्या पावसात मिठी नदी फुगली, वीज गेली, टेलिफोन गेला, मी स्वतः सांताक्रूझहून दुसऱ्या दिवशी चालत घरी पोचलो. दार उघडलं तर मेणबत्तीच्या उजेडात ते टकटक करत होतं, दहा मिनिटं पुढे. वडील गेल्यावर आई स्टुलावर चढू लागली. तेव्हा आम्ही सर्वानुमते ठराव केला की आईने स्टुलावर चढायचं नाही, किल्ली आम्ही देऊ. ठराव झाला, अंमलबजावणी राहिली. तिसऱ्या रविवारी घड्याळ थांबलं. त्या अपराधाच्या भावनेतून 'आपोआप' हा शब्द जन्माला आला. ज्या घरातली माणसं विसराळू, त्या घरातलं घड्याळ तरी स्वावलंबी हवं.

परदेशी घड्याळाचा आम्हाला अनुभव नव्हता असं नाही. १९८३ साली मामाने अमेरिकेहून रेडिओ असलेलं लाल आकड्यांचं घड्याळ आणलं होतं. ते चालायचं एकशेदहा-वीस व्होल्टवर. त्यासाठी लॅमिंग्टन रोडवरून एक ट्रान्सफॉर्मर आणला. तो घड्याळाच्या तिप्पट जड होता आणि रात्रभर घुमायचा. एवढं करून घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडे. तास म्हणजे तास, दिवस नव्हे. मामा म्हणाला, मरोळची हवा दमट आहे. पुढे कळलं की हे घड्याळ विजेच्या लहरी मोजून चालतं. अमेरिकेत त्या सेकंदाला साठ, आपल्याकडे पन्नास. पन्नास लहरींत ते बिचारं साठाचा संसार करू पाहत होतं. दिवसाला चार तास मागे! आठवड्यात एक पूर्ण दिवस गडप. त्यात त्या घड्याळाचा दोष नव्हता. दोष त्याला भलत्या घरी देणाऱ्यांचा होता. हे वाक्य आमच्याकडे घड्याळांपुरतं मर्यादित ठेवतात.

असो. आता मुख्य कलाकृतींकडे वळू.

पहिली कृती जर्मन. भाचा फ्रँकफुर्टला असतो, त्याने आणली. देखणी, काळीभोर, पाठीवर एक लहानसा पाय. भाचा म्हणाला, "मामा, हे रेडिओवर वेळ ऐकतं आणि स्वतःला लावून घेतं. अणुघड्याळाची वेळ. सेकंद चुकायचा नाही." हे खरं आहे. फ्रँकफुर्टजवळ माइनफ्लिंगेन म्हणून गाव आहे, तिथून ७७.५ किलोहर्ट्झवर अहोरात्र वेळ प्रक्षेपित होते आणि जर्मनीतली घड्याळं रात्री सगळी निजानीज झाली की ती ऐकतात. असे मनोरे अमेरिकेत कोलोरॅडोत आहेत, इंग्लंडात आहेत, जपानात तर दोन आहेत, चीनमध्ये आहेत. माइनफ्लिंगेनचा आवाज सुमारे दोन हजार किलोमीटरपर्यंत पोचतो. मरोळ तिथून साडेसहा हजारांवर. माहितीपत्रकात लिहिलं होतं, घड्याळ फ्रँकफुर्टच्या दिशेच्या खिडकीत ठेवा. मुलाने नकाशा काढून सांगितलं, वायव्येला. मरोळहून वायव्येला जोगेश्वरी लागते. तीन रात्री ते घड्याळ जोगेश्वरीकडे तोंड करून बसलं. कोपऱ्यात मनोऱ्याचं एक चित्र लुकलुकत होतं. म्हणजे ते ऐकायचा प्रयत्न करत होतं. मला त्याची दया आली. परगावी गेलेला माणूस असाच आपल्या गावचं रेडिओ स्टेशन शोधत बसतो.

बरं, ऐकू आलं असतं तरी पंचाईतच. त्यावर परदेशातली वेळ लावायची सोय होती, पण पूर्ण तासांची. आणि आपण पडलो साडेपाचवाले! सगळं जग ग्रीनिचपासून पूर्ण तास मोजतं आणि आपण मध्येच अर्धा. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाने आपल्याला हा अर्धा तास दिला आहे. (नेपाळ तर पावणेसहा तास पुढे आहे. तिथल्या भाच्यांच्या मामांचे काय हाल असतील!) जर्मनीहून आपण त्यांच्या हिवाळ्यात साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. घड्याळ चार म्हणे किंवा पाच म्हणे. अर्धा तास कुठल्याच खिशात मावेना. पूर्वी विलायतेला जाणारे लोक एक युक्ती सांगत : लंडनची वेळ दाखवणारं काट्यांचं घड्याळ हिवाळ्यात उलटं धरा, साधारण हिंदुस्थानची वेळ दिसते. हीही युक्ती आकड्यांच्या घड्याळाला चालत नाही. उलटं धरलं की सहाचे नऊ होतात आणि घरातले लोक आपल्याकडे वेगळ्या नजरेने बघतात.

शेवटी त्याला हाताने वेळ लावली. हाताने लावलेलं आपोआप लागणारं घड्याळ! अभिप्राय : आशय थोर, शैली सुबक, परंतु कृती आपल्या मातीत रुजलेली नाही. भाषांतरित एकांकिकांबद्दल परीक्षक लिहितात तेच.

या सुमारास आमच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या निवृत्त रेल्वे गार्डसाहेबांनी एक विचार मांडला, जो मला आजवर वाचलेल्या बहुतेक समीक्षेपेक्षा मोलाचा वाटतो. ते म्हणाले, "अहो, स्वतः लागणारं घड्याळ असं काही नसतंच. ते कुणाचं तरी ऐकत असतं. कुणाचं ऐकतं, एवढं आधी विचारायचं. मग पैसे द्यायचे."

गार्डसाहेबांचं म्हणणं मुंबईकराला तरी पटावं. १ जानेवारी १९०६ पासून देशाला स्टँडर्ड टाइम लागू झाला, तेव्हा घड्याळं एकदम एकोणचाळीस मिनिटं पुढे करायला मुंबईने साफ नकार दिला. आमचा सूर्य आमच्या वेळेला उगवतो, तुमच्या मिर्झापूरच्या नाही, असा बाणा. पालिकेने तर कित्येक दशकं आपला 'मुंबई टाइम' सोडला नाही. माझे आजोबा पालिकेत कारकून होते. ते ऑफिसात एका वेळेला असायचे आणि स्टेशनवर दुसऱ्या. लग्नपत्रिकेत मुहूर्तापुढे कंसात 'स्टँ. टा.' छापावं लागे. नाहीतर अर्धं वऱ्हाड अक्षता पडल्यावर यायचं. आई सांगते, आजोबांना वेळ विचारली की ते आधी विचारायचे, "कुणाची?" आम्ही याला विनोद समजत होतो. आजोबा नेमकं बोलत होते.

दुसरी कृती अमेरिकन. आणणारा मेव्हणा, मुक्काम न्यू जर्सी. हे घड्याळ रेडिओबिडिओ ऐकत नाही. कारखान्यातून निघतानाच त्याच्या पोटात पुढल्या कित्येक वर्षांची तारीख-वेळ भरलेली असते आणि एक छोटी बॅटरी ती जपते. आपण फक्त प्लग लावायचा. म्हणजे लहानपणी जे कानावर पडलं ते आयुष्यभर प्रमाण मानणारं. असे गृहस्थ आमच्या नात्यात बरेच असल्यामुळे मला त्याच्याविषयी जवळीक वाटली. विजेचाही प्रश्न नव्हता. अडॅप्टर दोन्हीकडे चालणारा. आकडे दोन-दोन इंच, निळसर. त्यात निवडायला फक्त अमेरिकेतल्या वेळा होत्या, पण मेव्हण्याने बटणं दाबून दाबून ते आपल्या वेळेवर आणलं आणि म्हणाला, "आता याला हात लावू नका. हे कधी चुकत नाही."

आई खूश झाली. रात्रीचे प्रश्न बंद झाले. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आम्ही सगळे गाढ झोपलो. मी तर चार घरी त्या घड्याळाची शिफारस केली.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी आई चहा घेताना म्हणाली, "दूधवाला हल्ली पाचलाच येतो का रे?" मी पेपरातून मान वर न काढता म्हणालो, "नाही, सहाला." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "चर्चची घंटा लवकर वाजवायला लागलेत." मी म्हणालो, "आई, ते घड्याळ आपोआप लागतं. ते चुकत नाही. तुला झोपेत भास होत असेल." त्यानंतर ती काही बोलली नाही. बुधवारी दुपारी सौ.ने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळूच सांगितलं, "आई रडत होत्या. म्हणाल्या, मला वेळेचं कळेनासं झालंय. गोळी घेतली की नाही, केव्हा घेतली, काही जुळत नाही. माझ्या आईचं शेवटी असंच झालं होतं. मुलाला सांगू नकोस."

मी आईच्या खोलीत गेलो. घड्याळात अडीच वाजले होते. माझ्या मनगटावर साडेतीन.

अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी रात्री दोन वाजता मागे आणतात. हे संस्कार त्या घड्याळाच्या पोटात होते. मरोळला येऊनही त्याने ते पाळले. रविवारी पहाटे, सगळं घर झोपलेलं असताना, न्यू जर्सीच्या हिवाळ्यासाठी त्याने आमच्या आईचा एक तास काढून घेतला. चार दिवस दूधवाला बरोबर होता, चर्चची घंटा बरोबर होती, मशिदीची बांग बरोबर होती, डोक्यावरून उतरणारं पहाटेचं विमान बरोबर होतं आणि या सगळ्यांची साक्ष काढणारी आई बरोबर होती. चुकत होतं एकटं घड्याळ, आणि त्याचा वकील, म्हणजे मी.

घड्याळाच्या समीक्षेत खरं तर इथेच थांबायला हवं. सेकंदाची अचूकता, आकड्यांची उंची, किंमत हे सगळं नंतरचं. घड्याळ बंद पडलं तर चालतं. बंद पडलेलं घड्याळ निदान कबूल तरी करतं. बारा-बारा लुकलुकणारं घड्याळही प्रामाणिकच. पण चुकीची वेळ ठाम चेहऱ्याने, दोन इंची आकड्यांत सांगणारं घड्याळ आणि 'आपोआप' या शब्दावर विश्वास ठेवणारं घर, ही जोडी शहाऐंशी वर्षांच्या शाबूत डोक्याला शंका घ्यायला लावते. त्या घड्याळाच्या पाठीवर ही उन्हाळी सवय बंद करायचं एक बारीक बटण होतं, हेही मग कळलं. मेव्हण्याला मी अजून सांगितलेलं नाही. इथे वाचेल.

तिसरी कृती मुलाने आणली. ही घरच्या वायफायवरून वेळ घेते. न्यायाने सांगायचं तर आपोआप लागणाऱ्या जातीत आपल्याकडे हीच चालण्यासारखी. ती ऐकते इंटरनेटचं, आणि तिथे आपल्या साडेपाच तासांना जागा आहे. आपल्या देशाची वेळ सांभाळणारी खरी घड्याळं दिल्लीला राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहेत. त्यांचं 'एटीए' नावाचं लघुलहरींवर वेळ सांगणारं केंद्र होतं, ते आता बंद आहे. मात्र इंटरनेटवरून ते वेळ देतात. जानेवारी २०२५ मध्ये तर सगळ्या कारभाराने हीच वेळ पाळावी अशा नियमांचा मसुदाही केंद्र सरकारने काढला. हे लोक इतके काटेकोर, की १ जानेवारी २०१७ ला पृथ्वीच्या संथपणाची भरपाई म्हणून त्यांनी जगाबरोबर पहाटे साडेपाचच्या आधी एक सेकंद जादा घातला. त्या वेळी मरोळमध्ये जागं असं आमच्या घरात आई तेवढी होती. तिला काही जाणवलं नाही.

पण या घड्याळाने आधी मोबाइलवर एक ॲप मागितलं, मग पत्ता, मग ईमेल, मग पासवर्ड. वेळ सांगण्यासाठी इतकी चौकशी आजोबांनीही केली नव्हती. पावसाळ्यात केबल तुटली. त्याच रात्री वीज जाऊन आली. वीज आली, पण नेट आलं नाही. घड्याळाने बारा वाजल्यापासून नव्याने संसार मांडला. आईने पाच वाजता डोळे उघडले, बारा-वीस बघितले आणि परत झोपली. सकाळी म्हणाली, "छान झोप लागली हो!" या कृतीच्या बाजूने नोंदवण्यासारखी एवढी एक गोष्ट. अभिप्राय : गुणी, परंतु परावलंबी. ज्या घरात नेट अखंड आहे आणि ते सांभाळणारं तरुण माणूस परदेशी जायच्या बेतात नाही, त्यांनी घ्यायला हरकत नाही. फक्त वीज गेल्यावर वेळ जपणारी बॅटरी आत आहे ना, एवढं बघून घ्यावं.

चौथं घड्याळ आई स्वतः घेऊन आली. सौ.बरोबर मरोळ नाक्याला भाजीला गेली होती. साधं, क्वार्ट्‌झचं, लाल मोठे आकडे, प्लगवर चालणारं, वीज गेली तर वेळ लक्षात ठेवायला आत बटणाएवढी बॅटरी. आपोआप काही नाही. मागे दोन बटणं, एक तासाचं, एक मिनिटाचं. मी समीक्षकाच्या नात्याने म्हणालो, "आई, हे महिन्याला पंधरा-वीस सेकंद चुकणार."

"चुकू दे," आई म्हणाली. "चुकलं तर मला कळेल. मी लावीन."

मग बटणं चाचपत म्हणाली, "आणि आपोआप आपोआप काय लावलंय रे? तुझ्या बाबांचा डबा सात-दहाला आपोआपच भरायचा का? तुझा शाळेचा सदरा?"

यावर समीक्षकाला काही सुचलं नाही. चाळीस वर्षं या घरात सहाला चहा व्हायचा, सात-दहाला डबा भरला जायचा, आठ-तेरा मिळायची. आम्ही समजत होतो ते भिंतीवरच्या घड्याळामुळे.

आता दर रविवारी सकाळी अंघोळ झाल्यावर मी स्टुलावर चढून वडिलांच्या घड्याळाला किल्ली देतो. आई खाली मोबाइल हातात धरून उभी असते आणि वेळ सांगते. मग आपल्या उशाशी जाऊन लाल आकड्यांचं तपासते. दोन्ही घड्याळं जुळतात. दोन्ही दहा मिनिटं पुढे आहेत. रात्री तीनला जाग आली की ती वजाबाकी करते, आणि ती बरोबर आली की समाधानाने झोपते.